तुटलेल्या शिरोरेषेचं पत्र

ताईचं लग्न दोनदा मोडलं, आणि दोन्ही वेळा एका कागदानं मोडलं. पहिला कागद आम्हाला पाहायलाच मिळाला नाही. वर्ध्याच्या मंडळींनी मुलाचा विचार बदलला एवढाच निरोप पाठवला. मध्यस्थाला फारच गळ घातली तेव्हा तो म्हणाला, "कोणाची तरी चिठ्ठी आली होती म्हणतात. जाऊ द्या आता."

दुसऱ्या वेळी अमरावतीच्या मुलाचे वडील स्वतः नागपूरला आले. शाळेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. आईनं पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "निनावी कागद मी घरात ठेवत नाही. यात लिहिलंय ते खोटं असेल तर सांगा, इथंच फाडतो."

बाबांना खोटं बोलता येत नसे. गिरणीच्या ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस, पण कधी आजारपणाची खोटी रजा टाकली नाही. ते कागद वाचून गप्प बसले. त्या गप्प बसण्यानंच लग्न मोडलं. ते गृहस्थ उठले, दारात थांबले, म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो तुमची," आणि गेले.

कागदावर टाइप केलेल्या चारच ओळी होत्या. ज्या मुलीशी आपण सोयरीक करीत आहात तिला सतराव्या वर्षी क्षय झाला होता. ती भंडाऱ्याला मावशीकडे नव्हती, चौदा महिने दवाखान्यात होती. तिच्या डाव्या फुप्फुसावर डाग आहे. खाली: आपला एक हितचिंतक.

सगळं खरं होतं. ताई पूर्ण बरी होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. ती बालवाडीत शिकवायची, सायकलवर आमच्या महाल भागातून धंतोलीपर्यंत जायची, माझ्यापेक्षा जास्त भाकरी खायची. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या रोगाचं नाव काढलं की लोक पाण्याचा पेला दोनदा धुवायचे. म्हणून आम्ही सगळीकडे भंडाऱ्याच्या मावशीची गोष्ट सांगितली होती. खरी गोष्ट माहीत होती आम्हा चौघांना आणि आत्याला, कारण आत्या दर आठवड्याला दवाखान्यात डबा घेऊन जायची.

बाबांनी त्याच दिवशी सायकल काढली आणि हुडकेश्वरला आत्याच्या घरी गेले. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं खेडंच होतं, सगळी शेतं. मी मागच्या सीटवर होते. आत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

बाबा सायकलवरून उतरायच्या आधीच बोलले. "कोणाले सांगितलं तू?"

"काय सांगितलं?"

"पोरीच्या आजाराचं. चौदा महिने. आमच्याशिवाय तुलेच माहीत होतं."

आत्याच्या हातातली मिरची हातातच राहिली. "दादा, मी सांगितलं असन तर माही जीभ झडून जाईन. तू मले असं बोलून राहिला?"

"आजपासून आमच्या दारात पाय ठेवू नको," बाबा म्हणाले आणि सायकल वळवली. आत्या रडली नाही, ओरडली नाही, हे मला घरी पोचल्यावर जाणवलं. ती फक्त बघत राहिली होती.

ताईनं मात्र त्या संध्याकाळी नेहमीसारखा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि हात धुताना मला म्हणाली, "मी आता कोणाले दाखवून घेणार नाही." तेवढंच. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. त्या क्षणी माझ्या पोटात जे काही पेटलं ते पुढे बरीच वर्षं विझलं नाही, आणि मी ते विझवायचा प्रयत्नही केला नाही.

मी महालातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. एका लांबट खोलीत सोळा मशीनं, त्यातली सहा मराठी. तिथं दिवसभर बसलं की एक गोष्ट आपोआप कळते. बाहेरच्या माणसाला टाइपाचं अक्षर सगळं सारखंच दिसतं, पण प्रत्येक मशीनचं अक्षर वेगळं असतं. खिडकीजवळच्या मशीनचा 'ध' डावीकडे कलायचा. तिसऱ्या मशीनवर 'श' अर्धाच उमटायचा. परीक्षेच्या वेळी मुलींचे कागद एकमेकांत मिसळले तर कोणता कागद कुठल्या मशीनवरचा हे मी न विचारता सांगायचे.

म्हणून तो कागद मी बाबांकडून मागून घेतला. फाडून टाक, ते म्हणाले. मी तो इन्स्टिट्यूटमध्ये नेला आणि दुपारी मुली नसताना भिंगाखाली धरला. शब्द वाचायचे नाहीत, अक्षरं पाहायची, असं ठरवलं.

मराठी मशीनवर काना वेगळा मारावा लागतो. या मशीनचा काना केसभर खाली बसत होता. त्यामुळे 'झाला', 'होता' असल्या प्रत्येक शब्दाची शिरोरेषा मध्येच तुटलेली दिसायची, जसं कोणी डोक्यावरची रेघ चिमटीनं तोडली आहे. अनुस्वार उजवीकडे सरकलेला. 'भंडाऱ्याला'मधलं टिंब शेजारच्या 'ड'वर जाऊन बसलेलं. 'क'ची शेपटी तुटकी. 'ह'चं पोट शाईनं बुजलेलं. पूर्णविराम इतक्या जोरात आदळलेला की कागदाला बारीक भोक. आणि मशीनच्या नाही, माणसाच्या म्हणाव्यात अशा दोन खुणा: स्वल्पविरामाच्या आधी सोडलेली एक मोकळी जागा, आणि फुलस्केप कागद आडवा कापून केलेलं अर्धं पान.

आता आमच्या वरच्या मजल्यावर संगणकाच्या कंपनीत काम करणारी एक मुलगी राहते. मागे एकदा तिनं मला सांगितलं की, इंटरनेटवर एखादं पान उघडलं की ते पान आपलं नाव विचारत नाही. स्क्रीन केवढी आहे, घड्याळ कुठल्या देशाचं लावलंय, कोणते फॉन्ट आहेत, एखादं चित्र काढताना आपलं मशीन किंचित कसं वेगळं काढतं, असल्या बारीकसारीक गोष्टी ते गुपचूप टिपून घेतं. त्यातली एकेक खूण हजारो मशीनांची असते, पण सगळ्या मिळून बहुतेक एकाच मशीनची. "मग काकू, तुम्ही नाव लपवा, मागचं सगळं पुसून टाका, ते तुम्हाला ओळखतंच. आणि कुठं एखादा फॉर्म भरून बसलात, नाव, पत्ता, आजार, की ती खूण तुमच्या नावाला कायमची चिकटली." तिला वाटलं, मला हे समजायला जड जाईल. मी म्हटलं, "बाई, फॉर्मचंच सांगते तुला," आणि तिला ही सगळी हकीकत सांगितली.

तर तुटका 'क' असलेली मशीनं नागपुरात पन्नास असतील. खाली बसणारा कानाही पुष्कळांचा असेल. पण या सातही खुणा एकत्र असलेलं मशीन एकच असणार. ते शोधायचं कसं?

मी मुलींना सांगितलं, वाचनाचा सराव म्हणून घरातला टाइप केलेला कुठलाही मराठी कागद आणत जा. मुली आणू लागल्या. शाळेच्या सूचना, घरमालकाच्या नोटिसा, वडिलांच्या बदलीचे अर्ज, सोसायटीचे ठराव. मी ते सगळे पाहायचे. खरं सांगायचं तर सगळे वाचायचेही. कोणाच्या घरात भावाभावांचा दावा चालू आहे, कोणाच्या वडिलांवर ऑफिसात चौकशी बसली आहे, कोणाच्या आईचं ऑपरेशन झालं, हे मला दोन-तीन महिन्यांत समजलं. मुली समोर बसून टकटक करत असायच्या आणि मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे, तुझं मला माहीत आहे. ते मला आवडू लागलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. माझ्याकडे कारण होतं ना!

एका गुरुवारी एका मुलीनं छापील फॉर्मासोबत जोडलेलं अर्धं पान आणलं. तिच्या मोठ्या बहिणीसाठी इतवारीतल्या एका वधूवर मंडळातून आणलेली नियमावली होती ती. पहिलंच वाक्य होतं: 'आपण दिलेली सर्व माहिती गुप्त राखली जाईल , याची खात्री बाळगावी.'

स्वल्पविरामाच्या आधी मोकळी जागा होती. प्रत्येक कान्याशी शिरोरेषा तुटली होती. पूर्णविरामाला भोक होतं. मी तो कागद खिडकीसमोर धरला आणि त्या भोकातून उजेड आला.

मग मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्या मंडळात ताईचं नाव घातलं होतं. चार पानांचा फॉर्म होता, आणि त्यात 'मागील दहा वर्षांतील आजार' असा रकाना होता. बाबांनी तो प्रामाणिकपणे भरला होता. कुठला रोग, कुठला दवाखाना, किती महिने, नातेवाइकांना काय सांगितलं आहे, सगळं. मंडळाकडून एकही स्थळ पसंत पडलं नाही, म्हणून आम्ही ते विसरूनही गेलो होतो. वर्धा आणि अमरावती ही दोन्ही स्थळं नात्यातून आली होती.

मी घरी काही सांगितलं नाही. बाबा पोलिसात जा म्हणाले असते, किंवा सोडून दे म्हणाले असते. मला दोन्ही नको होतं. मला तो माणूस जवळून पाहायचा होता.

मंडळ इतवारीत एका भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर पितळेच्या घागरी आदळायच्या, त्यात वरची टकटक कोणाला ऐकू जाणार? चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे काकाजी म्हणत. साठीचे, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं इतकं मऊ की समोरचा माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. मी कामठीची आहे, टायपिंग येतं, दुपारचं काम हवं आहे, असं सांगितलं. नाव खोटं सांगितलं. त्यांनी मला मशीनवर बसवलं आणि एक ओळ टाइप करायला दिली. मी काना मारला, तो खाली बसला.

"हात चांगला आहे तुझा," काकाजी म्हणाले. "माझं तर दोन बोटांचं काम."

मी तिथं जवळजवळ तीन महिने गेले. भिंतीला लागून लाकडी कपाट होतं, त्यात लांबट खण आणि खणांत कार्डं. प्रत्येक घराचं एक कार्ड. कार्डावर फॉर्ममधलं तर असेच, शिवाय काकाजींनी आपल्या हातानं लिहिलेलं: भाऊ पितो, आईचा स्वभाव कडक, मुलगी एकदा नापास, आजी वेडसर होती. लोक बोलता बोलता जे सांगून जात ते सगळं, कोणाचं कुठं जमतंय तेसुद्धा. त्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची.

माझ्यासमोर काकाजी कधी निनावी कागद टाइप करत नसत. पण ते काटकसरी होते. कार्बन पेपर पार झिजेपर्यंत वापरत आणि स्वतःच्या कागदांचीही एक प्रत ठेवत. कार्बनवर जे उमटतं ते सहज जात नाही. वापरलेला कार्बन खिडकीला धरला की एकावर एक चढलेल्या ओळी दिसतात, आणि सवयीच्या डोळ्याला त्या सुट्या करता येतात. मी टोपलीतले कार्बन घरी नेऊ लागले. त्यांत मला इतर मुली सापडल्या. एकीचं फिट येण्याचं. एकीच्या वडिलांचं दुसरं घर. एकीचं कॉलेजातल्या मुलाबरोबर तळ्यावर दिसण्याचं. सगळ्यांच्या खाली तोच हितचिंतक.

एकदा मी सहज केल्यासारखं विचारलं, "काकाजी, ती सक्करदऱ्याची मुलगी, तिचं जमलं होतं ना? मोडलं म्हणतात."

काकाजींनी पानाला चुना लावला. "बाहेरून जमवलं होतं ना, बाई. आपल्याकडं नाव घालायचं आणि बाहेरून जमवायचं, मग असंच होते. येतील परत. कुठं जातील?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुष्टपणाही नव्हता. दुकानातलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊ नये, एवढाच हिशेबी भाव होता. मला राग आला तो त्याचाच. ताईला कोणी शत्रू म्हणून मारलं असतं तर मी कदाचित समजून घेतलं असतं.

काकाजींना एक मुलगी होती, ताईच्याच वयाची. चारच्या सुमारास ती वर चहा घेऊन यायची. बोलकी होती, माझ्याजवळ बसून मशीनच्या कळा दाबून पाहायची. रायपूरच्या एका घरी तिचं ठरलं होतं. "तू माह्या लग्नाले ये वं," ती म्हणायची. "कामठीहून येणं काही दूर नाही." मी हो म्हणायचे. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात एक पत्र तयार होत होतं.

एका दुपारी काकाजी बाहेर गेले तेव्हा मी ते टाइप केलं. त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच अर्ध्या फुलस्केपवर, स्वल्पविरामाआधी जागा सोडून. रायपूरच्या मंडळींना लिहिलं की, ज्या घरची मुलगी आपण करीत आहात त्या घरातून दुसऱ्यांच्या मुलींविषयी निनावी पत्रं जातात. आपल्याकडे त्या गृहस्थांची टाइप केलेली पत्रं असतील , ती या पत्राशेजारी ठेवून पाहावीत. सोबत सापडलेला एक कार्बन घातला. खोटं एक अक्षर नव्हतं.

ते पाकीट पर्समध्ये घेऊन मी घरी आले आणि पहिल्यांदाच ताईला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग पाकीट मागितलं, वाचलं.

"त्या पोरीनं काय केलं?" तिनं विचारलं.

"तू काय केलं होतं?"

"म्हणूनच म्हणून राहिली. हे टाकू नको. त्याले पकडायचं तर सगळ्यांसमोर पकडू. मी येतो तुह्याबरोबर."

"सगळ्यांसमोर म्हणजे तुझं सगळ्यांना कळेल."

"कळू दे. आठ वर्षं मी भंडाऱ्याच्या मावशीकडे आहो," ताई म्हणाली. "कंटाळली मी तिथं."

मी तिला म्हटलं, ठीक आहे, पत्र नाही टाकत. दुसऱ्या दिवशी बर्डीवरच्या डाकघरात जाऊन ते टाकलं. मी ताईला फसवलं. तिला काकाजींना उघडं पाडायचं होतं. मला एवढ्यानं भागणार नव्हतं. मला त्यांच्या घरात तेच व्हायला हवं होतं जे आमच्या घरात झालं होतं, तसंच, न घेतलेल्या चहाच्या कपासमोर.

मग मी कार्बनवरून सापडलेल्या घरांपैकी तीन घरी गेले. एका घरानं मला दारातूनच हाकललं; त्यांना तो विषयच नको होता. दुसऱ्या घरी आईनं तांदळाच्या डब्यातून पत्र काढलं. तिसऱ्या घरी वडिलांनी. दोन्ही कागदांची शिरोरेषा तुटलेली होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळात परिचयाचा कार्यक्रम असायचा. सतरंज्या, समोर खुर्चीवर काकाजी, एका बाजूला मुलींची घरं, दुसऱ्या बाजूला मुलांची. त्या रविवारी मी त्या दोन्ही घरांना यायला सांगितलं, आणि ताई आणि बाबांना घेऊन गेले. बाबांना वाटलं आम्ही पुन्हा नाव घालायला चाललो आहोत. वाटभर ते खूश होते.

मुली एकेक करून उभ्या राहून नाव आणि शिक्षण सांगत होत्या. ताईची पाळी आली. ती उभी राहिली, नाव सांगितलं आणि म्हणाली, "माझी पुढची माहिती मंडळानं आधीच लिहून ठेवली आहे. तीच वाचते." आणि पदराखालून कागद काढून वाचू लागली. सतराव्या वर्षी क्षय. चौदा महिने. डावं फुप्फुस. तिचा आवाज बालवाडीत गोष्ट सांगावी तसा स्वच्छ होता. बाबा अर्धवट उठून पुन्हा खाली बसले.

काकाजी म्हणाले, "मुली, हे कोणी दुष्टानं लिहिलं असेल. मंडळाचा काय संबंध?"

"तुमच्या मशीनवर लिहिलंय," मी मागून म्हणाले.

त्यांनी मला पाहिलं. कामठीची टायपिस्ट ताईच्या शेजारी काय करते आहे, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग हसले. "मशीनचं अक्षर सगळं सारखंच असते, बाई."

मी मशीनपाशी जाऊन बसले. ताईच्या पत्रातली पहिली ओळ सगळ्यांसमोर टाइप केली. कागद ओढून काढला, शेजारी पत्र आणि मंडळाची नियमावली ठेवली आणि पहिल्या रांगेत दिली. "काना पाहा. क पाहा. अनुस्वार कुठं बसलाय पाहा." कागद हातोहात फिरू लागले. तांदळाच्या डब्यात पत्र ठेवणारी ती आई उठली आणि तिनं आपलाही कागद त्यात ठेवला. मग तिसऱ्या घरच्या वडिलांनी. आणि मग जिला आम्ही बोलावलंही नव्हतं अशी एक बाई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली; तिच्याकडेही कधीतरी तसाच कागद आला होता.

काकाजींचा चेहरा कसा पडत गेला ते मी शेवटपर्यंत पाहिलं. डोळे हलवले नाहीत. आयुष्यात मला इतकं समाधान फार थोड्या वेळा मिळालं आहे.

पुढचं मी ठरवलं नव्हतं. कोणीतरी ओरडलं, "आमचं कार्ड द्या!" दोघांनी किल्ली हिसकावली, तिघांनी खण ओढले. प्रत्येकाला फक्त आपलं कार्ड हवं होतं, पण आपलं शोधायला दुसऱ्यांची चाळावी लागत होती, आणि चाळताना डोळे थांबत होते. एक खण गॅलरीच्या कठड्यावर ठेवला होता तो धक्क्यानं खाली गेला. कार्डं इतवारीच्या गल्लीत पडली. हातगाडीवाले, भांड्यांच्या दुकानातली माणसं, रविवारचं गिऱ्हाईक, सगळे ती उचलून वाचायला लागले. एक जण मोठ्यानं वाचत होता, "आजी वेडसर होती," आणि बाकीचे हसत होते.

मी जिन्यावरून धावत खाली गेले आणि गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करू लागले. ताईही आली. लोकांच्या हातातून ओढून घेताना मला एकानं विचारलं, "तुमचं आहे का हे?" मी हो म्हणाले. सगळी माझीच आहेत म्हणून सांगितलं. तरी किती हातोहात गेली कोण जाणे. ज्यांचं नुकसान काकाजींनी केलं नव्हतं, त्यांचं त्या दिवशी मी केलं. सापडली तेवढी आम्ही घरी नेऊन पाणी तापवायच्या बंबात घातली, एकही न वाचता.

मंडळ बंद झालं. बाबा दुसऱ्याच दिवशी हुडकेश्वरला गेले. परत आले ते पायी, सायकल हातात धरून. आत्यानं त्यांना चहा दिला, जेवायला वाढलं. पण म्हणाली, "तू मले विचारलं नव्हतं, दादा. ठरवूनच आला होता." ती पुढे आमच्याकडे सणावाराला यायची, पण पूर्वीसारखी चुलीपाशी बसली नाही. पाहुण्यासारखी बाहेर बसायची.

रायपूरचं लग्न मोडलं. महिन्याभरानं काकाजींची मुलगी आमच्या दारात उभी राहिली. घर कसं शोधलं विचारलं नाही मी. तिच्या हातात माझं पत्र होतं. रायपूरवाल्यांनी परत केलेलं.

"हे तूच लिहिलं," ती म्हणाली. "माह्या बाबाजीचं नाही हे. ते दोन बोटांनी मारते, एक अक्षर काळं, एक फिकं. याच्यात सगळी अक्षरं सारखी आहेत. दहा बोटांनी शिकलेल्या माणसाची."

ताई माझ्यामागे उभी होती आणि तिला तेव्हाच कळत होतं की पत्र गेलं होतं.

"सगळं खरं आहे त्याच्यात," मी म्हणाले.

"तुह्या ताईच्या पत्रातही सगळं खरंच होतं," ती म्हणाली, आणि पत्र उंबऱ्यावर ठेवून गेली. पुन्हा ती कधी दिसली नाही. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. शोधायचं म्हटलं असतं तर सापडलं असतं. मी शोधलं नाही.

ताई माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलली. पुढे तीन-चार वर्षांनी तिचं लग्न झालं. पहिल्याच भेटीत तिनं स्वतः आजार सांगितला. तो गृहस्थ म्हणाला, "माझी आई त्यानंच गेली. औषध वेळेवर मिळालं नाही." आणि मग दोघं बराच वेळ औषधांबद्दलच बोलत बसले. मी शिकवत राहिले. लग्नाचा फॉर्म मी कधी भरला नाही, कोणाला भरू दिला नाही. लायब्ररीचं कार्ड घेतानाही मी पत्ता लिहायला का-कू करायचे, त्यावरून लोक हसायचे.

लोक विचारतात, आता इतक्या वर्षांनी काय वाटतं? काकाजींच्या मुलीचं वाटतं. कार्डांचं वाटतं. त्या माणसाबद्दल मला काही वाटत नाही, आणि तसं वाटायला हवं असं मला कोणी पटवूनही देऊ शकलेलं नाही.

ऐंशीनंतर कधीतरी काकाजी वारल्याचं कळलं. ताई तेव्हा माहेरपणाला आली होती. मी त्या दिवशी पुरण घातलं. ताईनं विचारलं, "आज काय आहे?" मी सांगितलं. तिनं ताट पुढे सरकवून ठेवलं आणि उठून अंगणात गेली. मी बसून राहिले आणि दोन पोळ्या खाल्ल्या, वर भरपूर तूप घालून.